थंडीत पूल बंद ठेवताय? पाणी सोडू नका

येऊर किंवा घोडबंदरकडच्या बंगल्यात पूल आहे आणि डिसेंबर-जानेवारीत कुणी उतरत नाही, म्हणून तो रिकामा करू नका. पाइप फुटू नयेत म्हणून पाणी उतरवायचं, हे बर्फ पडणाऱ्या देशांत ठीक. ठाण्यात पाणी गोठतंय कुठे! उलट कोरड्या पुलात उन्हाने टाइल्स सुटायला लागतात, आणि पुन्हा भरायला टँकरचा खर्च वेगळाच.

आधी तळ-भिंती घासून घ्या, फिल्टर बॅकवॉश करा, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून त्यातला गाळ काढा. पीएच (पाणी किती आम्लधर्मी, त्याचं माप) ७.२ ते ७.६ आणि क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत १ ते ३ भाग) ठेवा. क्लोरीन आणि पीएच उतरवायचं ॲसिड कधीही एकत्र करायचं नाही, एकाच बादलीत तर नाहीच. पंप रोज दोन-तीन तास चालू द्या. बंद पडलेल्या पाण्याला हिरवा रंग चढायला वेळ लागत नाही.

वरून ताडपत्री ताणून बांधा, म्हणजे पानगळ आणि बांधकामांची धूळ आत जाणार नाही. तिच्यावर मूल चढणार नाही एवढं बघा. ताडपत्रीच्या खोलगट भागात दव, झाडांना घातलेलं पाणी साचतं, आणि डेंग्यूच्या डासाला तेवढं पुरतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून दर आठवड्याला ते पाणी वायपरने ओढून टाका.