संग्रहालयातल्या युद्धनौकेचा सेवापट कसा लिहावा

४ डिसेंबरच्या नौदल दिनासाठी शाळेत किंवा तालमीत नौकेचा फलक लावायचा असेल, तर पराक्रमाचं नंतर बघा. आधी दोन तारखा लिहा: नौदलात दाखल कधी आणि निवृत्त कधी. या दोन खुंट्यांच्या बाहेरचं काहीही त्या नौकेचं नाही.

कारवारच्या किनाऱ्यावरची ‘चपल’ घ्या. ती १९७१ च्या युद्धात लढली असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं सापडतं, पण ती दाखल झाली १९७६ साली. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर गेल्या त्या निपात, निर्घात आणि वीर. ८ तारखेला गेली ती ‘विनाश’ नौका. घोळ होतो तो वर्गामुळे, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या नौकांच्या गटामुळे. सगळ्याच सोव्हिएत बांधणीच्या ओसा वर्गातल्या क्षेपणास्त्र नौका, पण १९७१ च्या ओसा-१ आणि चपल ओसा-२. हे प्रत्यक्ष पाहून ताडता येतं: क्षेपणास्त्रांची चार घरं चौकोनी पेट्यांसारखी असतील तर ओसा-१, गोल नळकांडी असतील तर ओसा-२. कोल्हापुरातून आजरा, आंबोली, सावंतवाडी आणि पुढे ६६ क्रमांकाच्या महामार्गाने कारवार गाठता येतं. जाच, आणि त्या नळकांड्यांचे फोटो बाजूने घ्या.

नावंही फसवतात. वीर, निपात, निर्घात ही नावं पुढच्या वर्गातल्या नौकांना पुन्हा दिली गेली. नवी वीर १९८७ ची, २०१६ ला निवृत्त झालेली. म्हणून नावाशेजारी वर्ग आणि वर्ष लिहायलाच हवं.

कल्याणला दुर्गाडी किल्ल्याजवळ ठेवलेल्या टी-८० ला तर नावच नाही, नुसता क्रमांक. ही इस्रायली बांधणीची, उथळ पाण्यातल्या गस्तीची नौका. १९९८ ला दाखल, २३ सप्टेंबर २०२१ ला निवृत्त. वेग ४५ नॉट; १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, तेव्हा फलकावर ‘ताशी सुमारे ८३ किमी’ असंही लिहा. मोठी लढाई नाही म्हणून सेवेचा रकाना रिकामा सोडू नका. तेवीस वर्षं किनारा राखणं हीच तिची सेवा, आणि ती ठळक अक्षरांत यावी.

जिल्ह्यातल्या माजी नौसैनिकांपर्यंत पोचायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. आठवणी ऐकण्याआधी त्यांच्या कागदांवरून नौकावार नेमणुकीच्या तारखा उतरवून घ्या. आठवण आणि तारीख जुळली नाही, तर ‘तेव्हा तुम्ही कोणत्या नौकेवर होता?’ एवढंच विचारा. बहुतेक वेळा प्रसंग खरा असतो, नौका दुसरी असते.