रशियन तोफ, चेक गाडा: 1:35 मापाचा मार्डर-3 बांधताना

प्लास्टिक मॉडेलचं किट उघडलं की हात आधी चाकांकडे जातो, कारण सूचनापत्रक तिथूनच सुरू होतं. मार्डर-3, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन रणगाडाविरोधी गाडी, हिच्या बाबतीत हा क्रम उलटा करा आणि तोफेपासून सुरुवात करा. 1942 मध्ये कारखान्यापुढे प्रश्न एकच होता: हाती आलेली लांब तोफ हलक्या गाड्यावर बसवायची कशी? ढाल किती उंच, माणसं कुठे उभी राहणार, गोळे कुठे ठेवायचे, हे सगळं त्याच्या उत्तरातून ठरत गेलं.

आधी तोफ ओळखून घ्या. 1941 मध्ये सोव्हिएत 76.2 मि.मी. एफ-22 तोफा मोठ्या संख्येने जर्मनांच्या हाती लागल्या. सोव्हिएत तोफरचनाकार ग्राबिनने ही तोफ जास्त जोरदार काडतुसासाठी आखली होती, पण लाल सैन्याने जुनंच काडतूस चालू ठेवायला लावलं. त्यामुळे ब्रीच (तोफेचा मागचा, गोळा भरायचा भाग) गरजेपेक्षा दणकट राहिलं होतं. जर्मनांनी नेमका त्याचाच फायदा घेतला. चेंबर (काडतूस बसतं ती पोकळी) आतून कोरून 385 मि.मी.च्या केसऐवजी (काडतुसाच्या पितळी नळीऐवजी) सुमारे 715 मि.मी.ची केस बसवली, नळीच्या तोंडाला मझल ब्रेक (धक्का कमी करणारं टोपण) लावला, आणि तोफ वर-खाली करणारं उजवीकडचं चाक डावीकडे आणलं, म्हणजे एकटा नेमबाज दोन्ही चाकं सांभाळू शकेल. या रूपात तिचं नाव झालं पाक 36(आर): पाक म्हणजे रणगाडाविरोधी तोफ, आर म्हणजे रशियन.

मॉडेलवर याचे तीन परिणाम होतात. नळी सुमारे 111 मि.मी. भरली पाहिजे, 91 च्या आसपास भरली तर ती नंतरच्या एफ-22 यूएसव्हीची आहे, दुसऱ्या किटमधली. दोन्ही हातचाकं डाव्या बाजूला हवीत. आणि पितळी केस 20 मि.मी. हवी. सुट्या भागांच्या डबीतले रशियन गोळे वापरले तर केस 11 मि.मी.चीच दिसते, आणि जाणकाराची नजर सगळ्यात आधी तिथेच जाते.

आता गाडा. पॅन्झर 38(टी) हा मूळचा चेक रणगाडा. त्याचा बुरूज काढून टाकला आणि तोफेचा वरचा सांगाडा, चाकं आणि मागचे पाय वगळून, हलवर (रणगाड्याच्या धडावर) बोल्टने बसवला. इंजिन मागेच राहिलं, म्हणून तोफ मध्यभागी आणि उंचावर आली. अख्खा गाडा सुमारे अडीच मीटर उंच झाला, म्हणजे आपल्या मापात 71 मि.मी. ढाल चिकटवण्याआधी तोफ, तिचा आधार आणि ढालीचे तिन्ही भाग मास्किंग टेपने जोडून पाहा. तोफ डावी-उजवीकडे फिरवा. ब्रीचचा कोपरा बाजूच्या पत्र्याला घासत असेल तर दोष बहुधा आधाराच्या खाचेत राहिलेल्या प्लास्टिकच्या कडेचा असतो, तेवढीच खरवडा. आधी ढाल चिकटवून बसलात तर नळी कायमची एका बाजूला झुकलेली राहते.

ढालीचा पत्रा खऱ्या गाडीवर साधारण 10 मि.मी. जाडीचा, म्हणजे 1:35 मध्ये जेमतेम 0.3. किटमधला तुकडा 1 मि.मी.च्या घरात असतो. अख्खा तुकडा घासत बसू नका. मागून फक्त कडेचा 3-4 मि.मी. पट्टा 400 नंबरच्या वॉटर पेपरने तिरका घासा आणि 800 ने संपवा. ही गाडी मागून आणि वरून उघडी, म्हणजे कडा सगळीकडून दिसते. एवढं एक काम मनापासून केलं तर बाकीच्या लहान चुका झाकल्या जातात. हलवरचे रिव्हेट मात्र घासले जाऊ देऊ नका. उडालेच तर मेणबत्तीवर ताणलेल्या स्प्रूचे (किटचे भाग जिला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या काडीचे) पातळ काप त्या जागी लावा.

तारेसाठी परदेशी दुकानं शोधायची गरज नाही. पंपाच्या मोटारी जळतात म्हणून मराठवाड्यात तालुक्याच्या गावीही वाइंडिंगचं दुकान असतंच. तिथून 25 गेजची (0.5 मि.मी.) आणि 30 गेजची (0.3 मि.मी.) तांब्याची तार वीतभर मागून घ्या. जाड तार हँडलला, बारीक तार अँटेनाला. दोन मीटरची अँटेना म्हणजे 57 मि.मी. तारेवरचं इनॅमल ब्लेडने खरवडा, नाहीतर रंग सुटतो. पत्र्याच्या तुकड्यांसाठी सनबोर्ड घेतलात तर लक्षात ठेवा, ते पीव्हीसी असतं. किटचा पातळ सिमेंट त्याला धरत नाही, सुपरग्लू लागतो. आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत सुपरग्लू उशिरा धरतो, कारण त्याला जमायला ओल लागते. जोडावर एकदा तोंडाची वाफ सोडली की काम होतं. पावसाळ्यात उलट होतं, जोडाभोवती पांढरी बुरशीसारखी साय येते. म्हणून तेव्हा कमी लावा आणि पंखा चालू ठेवा.

रंगाचं काम उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरका. पारा 42 वर गेला की ॲक्रिलिक एअरब्रशच्या सुईवरच वाळतं आणि ढालीवर खरखरीत दाणे बसतात. रंग हळू वाळवणाऱ्या रिटार्डरचे दोन-चार थेंब घाला. कूलरसमोर फवारू नका, ओली हवा आणि वाळ्याचा कचरा दोन्ही रंगात बसतात. पातळ करायला बोअरचं पाणी तर नकोच. आपल्याकडच्या पाण्यात क्षार इतके की गडद रंगावर पांढरे ठिपके उमटतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी स्वस्त आहे, तेच वापरा.

ही गाडी एप्रिल ते ऑक्टोबर 1942 मध्ये बनली. त्या काळात पूर्व आघाडीसाठी गडद करडा आणि आफ्रिकेसाठी वाळूरंग. गडद पिवळा फेब्रुवारी 1943 पासूनचा. तो द्यायचा तर नंतर रंगवलेली गाडी आहे असं ठरवूनच द्या. तोफेवरच्या खरचटलेल्या जागी रशियन हिरवा दाखवायचा मोह होतो. तो टाळा, तोफ कारखान्यातून पुरती नव्याने तयार होऊन आली होती.

चिखलाच्या बाबतीत मराठवाडा नशीबवान आहे. युक्रेनचीही माती काळी, आपलीही काळी. शेतातली माती तव्यावर कोरडी भाजून मलमलीतून दोनदा चाळा. पण काळी माती वाळताना आकसते आणि भेगा पाडते. जाड थर लावलात तर पापुद्रा चाकासकट सुटतो. चार भाग मातीत एक भाग पीओपी आणि पातळ फेव्हिकॉल घालून अर्ध्या मि.मी.चे थर द्या, मधे रात्रभर वाळू द्या. आफ्रिकेच्या गाडीला मुलतानी मातीची कोरडी धूळ पुरते. काळी माती तिथे शोभणार नाही. साखळी चढवताना वरचे रोलर पुढच्या भागात आहेत हे लक्षात घेऊन मागच्या चाकांवर ती किंचित सैल सोडा.

हा क्रम हातात बसला की उलटी गाडीही बांधता येते: एसयू-76आय, म्हणजे जर्मन पॅन्झर-3 च्या हलवर सोव्हिएत 76.2 मि.मी. एस-1 तोफ, 1943 ची. तिथे खटाटोप कमी, कारण तोफ बंद पेटीत आहे आणि आतलं दिसत नाही. खरा कस भारतीय सैन्याच्या कॅटापल्ट या तोफगाडीत लागतो: लांबवलेल्या विजयंत रणगाड्याच्या हलवर सोव्हिएत 130 मि.मी. एम-46. विजयंताला एका बाजूला सहा चाकं, कॅटापल्टला सात. म्हणजे एका किटची चाकं दोनने कमी पडतात. हल कापण्याआधी ती दोन चाकं मिळवून ठेवा.