जुन्या स्टिरिओ रिसीव्हरचा डावा चॅनल गायब, आवाज वाढवला की परत येतो

काकांचा जुना जपानी रिसीव्हर, पंचवटीत दोन पावसाळे माळ्यावर पडून होता. स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या, व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये (आवाजाच्या बटणामागचा फिरता भाग) क्लीनर मारला, काही फरक नाही, डोकं उठलं होतं नुसतं. मग चालू असताना आइस्क्रीमच्या काडीने (धातूचं काही नको!) स्पीकर रिलेवर (स्पीकरची लाइन जोडणारा-तोडणारा विजेवरचा स्विच) टिचकी मारली तर डावा लगेच बोलला. म्हणजे रिलेचे काँटॅक्ट काळे पडलेत.

प्लग काढून अर्धा तास थांबलो, मोठ्या कपॅसिटरवर (प्लग काढल्यावरही यात वीज साठून राहते) मीटर लावून २ व्होल्टच्या आत आल्यावरच हात घातला. रिलेचं झाकण काढलं, जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून काँटॅक्टमध्ये घातली, बोटाने हलकं दाबून ओढली, पट्टीवर काळी रेघ, ती उठायची थांबेपर्यंत नव्या पट्ट्या, शेवटी एक कोरडी. पॉलिश पेपर अजिबात नको, वरचा मुलामा जातो. आता अगदी बारीक आवाजातही दोन्ही बाजू वाजतायत.