अंगणातल्या शेवाळावर हिराकस, पण दगड पाहून

पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं की पाय कधी सटकेल सांगता येत नाही. घरात म्हातारी माणसं असतील तर हे फार जिवाला लागतं. त्यावर हिराकस, म्हणजेच फेरस सल्फेट, चांगलं चालतं. खतांच्या दुकानात हिरवट खडे किंवा पूड मिळते.

पाऊस उघडलेला दिवस बघा. प्लास्टिकच्या बादलीत एका लिटर पाण्याला साधारण 20 ग्रॅम पूड विरघळवा आणि झारीने शेवाळावर ओता. द्रावण ताजंच वापरा. ठेवलं की तांबूस होतं आणि तळाशी गाळ बसतो. एकदोन दिवसांत हिरवं मखमली शेवाळ काळं पडून सुटं होतं. मग खराट्याने घासून काढा.

आता खरी काळजीची गोष्ट. हिराकसातलं लोह हवेने गंजतं आणि तांबडे डाग पडतात. जांभा मुळात लोहामुळेच लाल, त्यामुळे तिथे ते उठून दिसत नाहीत. शहाबादी, कोटा, संगमरवर, सिमेंट यांवर मात्र हे अजिबात टाकू नका. या सगळ्यांत चुन्याचा अंश असतो. डाग असा धरतात की घासून घासून हात दुखले तरी जात नाही. तिथे नुसता ताठ ब्रश आणि पाणीच बरं. काळ्या दगडावर आधी कोपऱ्यात थेंबभर टाकून दोन दिवस थांबा.

हातमोजे घाला, जुने कपडे वापरा, ओल्या पायांनी घरात शिरू नका, लादीवर पावलं उमटतात. विहिरीकडे ओघळ जाऊ देऊ नका.