मुंबईत बसून जर्मनीतल्या छोट्या गावाचा इतिहास कसा शोधायचा

माझी मावसबहीण जर्मनीत हेसेन राज्यातल्या एका खेड्यात राहते, एक चर्च, एक बेकरी, बाकी सगळी शेतं. या गावाचा इतिहास मिळेल का गं, असं तिने विचारलं आणि वर्ष झालं, परळला घरी रात्रीची भांडी आवरली की मी तेच घेऊन बसते.

पहिले तीन आठवडे मी भलत्याच गावावर घालवले. आपल्याकडे वडगावं-पिंपळगावं जशी जागोजागी, तशी तिकडे हाउसेन नावाची गावं. त्यामुळे आधी जिल्हा पक्का करा. त्यात 1970च्या आसपास बरीच गावं एकत्र करून मोठ्या नगरपालिका केल्या, म्हणून तुमचं गाव आज कागदावर दुसऱ्याच नावाखाली असू शकतं. यासाठी 1912चं मेयर्स गॅझेटिअर, म्हणजे जर्मन गावांची जुनी यादी, बघा, ऑनलाइन आहे, फुकट आहे, त्यात तेव्हाचा जिल्हा आणि जन्ममृत्यू नोंदणीचं ऑफिस कळतं.

गाव हेसेनमधलं असेल तर लागिस नावाची साइट आहे, तिथे गावाचा पहिला लेखी उल्लेख, नावाची जुनी स्पेलिंगं, लोकसंख्या सगळं एका पानावर. पण पहिला उल्लेख म्हणजे गावाची स्थापना नव्हे हं! लॉर्शच्या मठाने 12व्या शतकात जुनी दानपत्रं एका ग्रंथात उतरवून घेतली, त्यातली काही 8व्या शतकातली, आणि कित्येक गावांची नावं पहिल्यांदा तिथेच दिसतात. कोणीतरी जमीन दान दिली म्हणजे गाव आधीपासून होतंच ना.

माणसं शोधायची तर चर्चची रजिस्टरं, बाप्तिस्मा, लग्न, दफन. 1618 ते 1648च्या युद्धात खूप कागद गेले, म्हणून बऱ्याच ठिकाणी नोंदी त्यानंतरच सुरू होतात. ही रजिस्टरं ऑनलाइन बघायची तर प्रोटेस्टंट गाव असेल तर आर्कियोन ही साइट, पैसे भरावे लागतात, कॅथलिक असेल तर मॅट्रिकुला, ती फुकट. सरकारी नोंदणी देशभर 1876पासून, प्रशिया या तेव्हाच्या राज्यात 1874पासून.

खरी अडचण लिपीची. कुरेंट ही त्यांची जुनी हस्तलिपी, म्हणजे त्यांची मोडीच समजा, जर्मन येत असलं तरी वाचता येत नाही. मी आधी फक्त महिने आणि आडनावं ओळखायला शिकले, एकाच पाद्र्याचं अक्षर पंधरा दिवस बघितलं की डोळा बसतो. जुनं हस्ताक्षर वाचून देणारं ट्रान्सक्रिबस हे सॉफ्टवेअर मदत करतं, पण नावं स्वतः तपासा.

जमिनीचा भाग मला सगळ्यात जवळचा वाटला. तिकडे बऱ्याच गावांत सगळ्या मुलांना सारखी वाटणी मिळायची, तुकडे होत होत शेत पोट भरेनासं व्हायचं आणि 19व्या शतकात तिथली पोरं अमेरिकेला गेली, आमच्या कोकणातून पोरं गिरणीत आली तशी. म्हणून वारसाहक्काची पद्धत नक्की बघा, घरं रिकामी का झाली ते त्यातून कळतं.

1933 ते 1945 हा नाझी राजवटीचा काळ गाळू नका. हेसेनच्या खेड्यांत ज्यू कुटुंबं राहायची, त्यांची माहिती अलेमानिया युडाइका या साइटवर गावागणिक आहे. गावाच्या स्मारिकेत हा भाग दोन ओळींत उरकलेला असेल तर तिथे जरूर बघा.

शेवटी गावातल्या इतिहास मंडळाला जर्मनमधून छोटा ईमेल करा, एका वेळी एकच प्रश्न. फोन करणार असाल तर ते उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतात, हिवाळ्यात साडेचार, आणि त्यांच्या 12 ते 1 जेवणाच्या वेळेत करू नका.