नवा करार काळाच्या क्रमाने कसा वाचावा

बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, त्यामुळे पाठभेद, म्हणजे एकाच ग्रंथाच्या हस्तलिखितांतील फरक, ही कल्पना येथील मराठी वाचकाला परकी नाही. तीच दृष्टी नव्या कराराकडे, म्हणजे ख्रिस्ती बायबलच्या उत्तरार्धाकडे, वळवावी. छापील क्रम बाजूला ठेवून प्रथम आद्य ख्रिस्ती प्रचारक पौलाची इ.स. 50 च्या दशकातील पत्रे वाचावीत, मग साधारण 70 च्या सुमाराचे मार्ककृत शुभवर्तमान (येशूचे चरित्र), आणि त्यानंतरच मत्तय व लूक, कारण या दोघांनी मार्कचा आधार घेतला असे बहुतेक अभ्यासक मानतात. मार्कच्या सोळाव्या अध्यायापाशी मात्र रेंगाळावे: चौथ्या शतकातील दोन प्रमुख हस्तलिखितांत तो आठव्या वचनावर, येशूची रिकामी कबर पाहून भ्यालेल्या स्त्रियांपाशीच थांबतो; पुढची वचने नंतर जोडलेली मानली जातात. (ज्ञानेश्वरीतील प्रक्षिप्त ओव्यांचा वाद येथे आठवावा.) आजच्या 27 पुस्तकांची नेमकी यादी इ.स. 367 मधील अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या पत्रात आढळते, ती शेवटी पाहावी.