गाडीवर मागं बसणाऱ्याच्या डोक्याला बसणारा वारा कसा कमी करायचा

बीड ते संभाजीनगर आम्ही दोघं बऱ्याचदा गाडीवरच जातो, सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर पडतं. मागच्या उन्हाळ्यात मी गाडीला हँडलपुढं वारा अडवायची मोठी काच बसवली अन् मला एकदम शांत वाटायलं, छातीला वारा नाही, काही नाही. पाचोडला चहाला थांबलो तर बायकोनं हेल्मेट काढलं अन् मान धरून बसली. म्हणली, अहो, डोकं नुस्तं गदागदा हलायलंय, कुणीतरी धरून हलवल्यावानी. मला लई वाईट वाटलं, कारण काच दोघांसाठी म्हणून घेतली होती अन् माझ्या डोक्यावरचा वारा मी उचलून तिच्या डोक्यावर नेऊन टाकला होता.

तर आधी एवढं समजून घ्या की वारा लागणं वेगळं अन् घुसळलेला वारा लागणं वेगळं. सरळ येणारा वारा एकाच बाजूनं ढकलतो, मान त्याला रेटा देते अन् थोड्या वेळानं सवय होते. पण काचेच्या मागं हवेचा दाब कमी होतो, वरच्या कडेवरून आलेला वारा तिथं खाली ओढला जातो अन् गरगर फिरत मागं जातो. गोदावरीला पाणी असताना शहागडच्या पुलाच्या खांबामागं भोवरे फिरतात ना, तस्संच. मागची सीट पुढच्यापेक्षा उंच असते, म्हणून मागच्याचं डोकं बरोबर त्या भोवऱ्यात येतं, त्यात पुढच्याच्या हेल्मेटमागचे भोवरे वेगळेच.

पैसे खर्च करायच्या आधी वारा कुठून येतो ते बघा. लोकरीचे चार-चार बोटं लांब धागे घ्या, काचेच्या वरच्या कडेला, पुढच्याच्या हेल्मेटच्या मागं अन् दोन्ही खांद्यांवर टेपनं चिकटवा, मोकळ्या रस्त्यावर साठच्या स्पीडनं जा अन् मागच्यानं फक्त धागे बघायचे. सरळ मागं ताणलेला धागा म्हणजे वारा साफ आहे, गोल-गोल नाचायला लागला की तिथंच गडबड. मग मागच्यानं थोडं वाकून बघायचं, थोडं ताठ बसून बघायचं, दोन-तीन इंचात फरक पडला तर समजा काचेची उंची चुकलीय.

आता काच. लोकांना वाटतं उंच काच म्हणजे चांगली, पण अर्धवट उंच काच सगळ्यात वाईट, ती पुढच्याला वाचवते अन् मागच्याला मारते. एक दिवस काच काढूनच जाऊन बघा, खरं सांगतो, बऱ्याच जणांना बिना काचेचं मागं बरं वाटतं. काच ठेवायचीच असली तर ती थोडी मागं झुकवा, अन् खाली हेडलाइटपाशी दोन बोटं फट राहू द्या. त्या फटीतून हवा आत आली की काचेमागचा दाब भरून निघतो अन् वरचा वारा तेवढ्या जोरात खाली ओढला जात नाही. आमचं निम्मं काम या फटीनंच झालं. वरच्या कडेला लावायची छोटी पट्टी मिळते, तिचा कोन बदलता येतो, पण फट करून बघितल्याशिवाय ती घेऊ नका.

दुसरं म्हणजे दोघांमधलं अंतर. मधी बॅग ठेवली किंवा पुढच्यानं पाठीला सॅक लावली की मधल्या जागेत वारा घुसतो अन् तिथंच फिरत बसतो. बॅग टाकीवर नाहीतर मागं कॅरिअरला बांधा अन् मागच्यानं जवळ सरकून बसावं, फक्त ब्रेक मारल्यावर हेल्मेटला हेल्मेट आपटणार नाही एवढं अंतर ठेवा. पुढच्याचं जॅकेट ढगळ असलं तर त्याची फडफड पण मागच्यालाच लागते, चेन वरपर्यंत लावा.

हेल्मेट मागच्यालाही फुल फेसच पाहिजे, आयएसआय मार्कचं, अन् मापाचं. सैल हेल्मेट वाऱ्यात उचललं जातं, मान दुखायचं अर्धं कारण तेच असतं. पुढं टोपीसारखी झडप असलेलं हेल्मेट हायवेला नको, ती झडप वारा धरते. कानात फोमचे बोळे घाला, आवाज कमी झाला की थकवाही कमी येतो, हॉर्न तरीबी ऐकू येतो.

साडी असेल तर एका बाजूनं बसल्यावर वारा सगळा एका अंगानं लागतो अन् मान वाकडी ठेवावी लागते, म्हणून लांब जायचं असलं तर पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडं पाय टाकून बसणं चांगलं. ओढणी, पदर, स्कार्फचं टोक जॅकेटच्या आत खोचा, यात हयगय नको. मागच्या चाकाचं गार्ड काढून टाकू नका, केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 123 प्रमाणं मागच्याला पकडायला हँडल, फूटरेस्ट अन् चाक निम्मं तरी झाकणारं गार्ड लागतंच.

स्पीडचं गणित पण बघा. वाऱ्याचा जोर स्पीडच्या वर्गानं वाढतो, म्हणजे 80 चे 70 केले की जोर जवळपास पाव हिश्श्यानं कमी होतो अन् शंभर किलोमीटरला वेळ जातो फक्त 11 मिनिटं जास्त.

आडव्या वाऱ्याला मात्र काच-बिच काही कामाची नाही. मांजरसुंब्याकडं बालाघाटाचं पठार उघडं, तिथं जून-जुलैत पश्चिमेचा वारा असा येतो की गाडी सरकते. उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या बाजूनं जाताना वारा एकदम बंद होतो अन् ट्रॅक्टर मागं पडला की धाडकन लागतो, तवा ओव्हरटेकच्या आधी मागच्याला सांगा, धर म्हणून. मागच्यानं हँडल किंवा पुढच्याची कंबर धरावी, अन् अंग पुढच्यासोबतच झुकवावं, उलट्या बाजूला नाही.

एका वेळी एकच बदल करा अन् तीस-चाळीस किलोमीटरनं थांबून मागच्याला विचारा. आम्ही फट केली त्या दिवशी गेवराईला थांबलो तर बायको म्हणली, आता वारा लागायलाय पण डोकं हलंना, अन् मग आम्ही काचेला परत हात लावला नाही.